दुखण्याला उपचार आहे, सोसण्याला नाही

आश्विनातील नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरच्या वाटा माणसांनी भरून वाहतात. सोलापूरकडून, लातूर-बीडकडून, कर्नाटकातून पायी येणाऱ्या या गर्दीत स्त्रियांची संख्या मोठी असते. भवानीची ओटी भरावी आणि घरादारासाठी सुख मागावे, एवढाच त्यांचा हेतू असतो. ज्या धाराशिव जिल्ह्यात देवीची ओटी इतक्या श्रद्धेने भरली जाते, त्याच जिल्ह्यातील कितीतरी स्त्रिया स्वतःच्या ओटीपोटातील दुखणे मात्र वर्षानुवर्षे निमूटपणे सोसत असतात. खोकल्याची उबळ आली की लघवी निसटते. पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला की ‘अंग’ खाली उतरल्यासारखे वाटते. रात्री चार-चार वेळा उठावे लागते, लुगड्याला वास येईल म्हणून लग्नकार्याला जाणे टाळावे लागते. या दुखण्याने सहसा कोणी मरत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. जे दुखणे मारीत नाही पण सुखाने जगूही देत नाही, त्याची गणती कोणत्या रकान्यात करावयाची, हे आपल्या आरोग्यव्यवस्थेने अद्याप ठरविलेले नाही.

वस्तुतः हे दुखणे गूढ नाही. स्त्रीच्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते, आणि मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय या तिन्हींचा भार ती पेलते. बाळंतपणात ही झोळी कमालीची ताणली जाते. कधी तिचे तंतू तुटतात, कधी तिला चेतना देणाऱ्या नसा दुखावतात. पुढे ती सैल पडली, की तिच्यातील अवयव खाली सरकू लागतात. ग्रामीण भागात त्यालाच ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. मूत्रमार्गाला असलेला आधार ढिला झाला, की शिंकताना, हसताना, वजन उचलताना लघवी निसटते. याहून वेगळा प्रकार म्हणजे मूत्राशयच अकाली आकुंचन पावणे. त्यात लघवीची भावना होताच ती आवरत नाही. दोन्ही प्रकारांची कारणे निराळी, उपचारही निराळे. पण ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ या एका वाक्यात समाजाने दोहोंचा निकाल लावून टाकला आहे.

बाळंतपण जगभरच्या स्त्रियांना चुकत नाही; मग हे दुखणे काही ठिकाणी अधिक का बोचते? त्याचे उत्तर बाळंतपणात नाही, त्याच्या आगेमागे असलेल्या परिस्थितीत आहे. मुलीचे लग्न लवकर होते. अंग पुरते भरण्याआधी पहिले मूल होते. मुले पाठोपाठ होतात. बाळंतिणीने सव्वा महिना विश्रांती घ्यावी ही जुनी रीत मोठी शहाणपणाची होती. कारण सैलावलेले स्नायू पूर्वपदावर येण्यास तेवढा तरी अवधी लागतोच. परंतु ही रीत ज्यांच्या घरी धान्य आहे त्यांनाच पाळता येते. धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा. येथे पाणी आणणे हे स्त्रीचे काम, आणि टंचाईच्या वर्षात ते दिवसभराचे काम. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. तेथे नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो, दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात. ओली बाळंतीण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा तिच्या पोटातील प्रत्येक ताण त्या झोळीवरच येऊन पडतो. त्यात चुलीच्या धुराने जडलेला खोकला, पाणी कमी प्यायल्याने होणारे बद्धकोष्ठ आणि पुढे पाळी गेल्यानंतर स्नायूंचा आणखी सैलावलेला ताण, अशी एकात एक भर पडत जाते.

एवढे असूनही या स्त्रिया डॉक्टरकडे जात नाहीत. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. मात्र पूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. यातील सुमारे निम्मे रोग जंतुसंसर्गाचे होते, अंग बाहेर येण्याचे नव्हेत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि त्या अभ्यासाने जे उघड केले ते रोगांच्या नावांपेक्षा मोठे होते. स्त्रीचे आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढेच समीकरण धरून बसलेल्या जगाला त्याने दाखवून दिले, की या दोहोंच्या पलीकडेही स्त्रीला शरीर असते. त्या गोष्टीला आता साडेतीन दशके उलटून गेली. गडचिरोली आणि धाराशिव, दोन्ही जिल्हे पुढे नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत आले. यादीत नाव येणे सोपे असते. प्रश्न घरापर्यंत जाणे अवघड.

मौन सुटते, ते बहुधा फार उशिरा. आणि तेव्हा त्या स्त्रीला जे उत्तर मिळते, ते मौनापेक्षा अधिक काळजीचे आहे. ते उत्तर म्हणजे ‘पिशवी काढून टाका’. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, पाळीत अंगावर जास्त जाते, काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते. तक्रार कोणतीही असो, उतारा एकच. पुढे कर्करोग होईल अशी भीती घातली, की निर्णय व्हायला वेळ लागत नाही. बालाघाटच्या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना राहणारी माणसे एकच, उसाचे फड तेच आणि मुकादमही तेच. जिल्ह्याची हद्द ओलांडताच दुखणे आणि उपचार बदलतात असे कोणी म्हणणार नाही.

गर्भाशय काढणे ही शस्त्रक्रियाच वाईट, असा याचा अर्थ नव्हे. कर्करोग असेल, आवरता न येणारा रक्तस्राव असेल, वयस्क स्त्रीचे अंग पुरते बाहेर आलेले असेल, तर ती योग्य आणि कधी कधी प्राण वाचविणारी ठरते. परंतु सैल झालेली झोळी तशीच ठेवून तिच्यातील एक अवयव काढून टाकणे, हा झोळीचा उपचार होत नाही. तळाची डागडुजी केली नाही तर पुढे योनिमार्गाचा वरचा भागच खाली येऊ शकतो, आणि लघवीचा त्रास कायम राहू शकतो. तिशी-पस्तिशीतच बीजकोशही काढले गेले, तर पाळी एका दिवसात संपते. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांची जोखीम वाढते. ज्या स्त्रीला पुन्हा फडावर जाऊन मोळी उचलावयाची आहे, तिच्या दृष्टीने हा सौदा फार महागाचा आहे. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. बीडमध्ये तर त्याआधीच खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घातले गेले होते. नियम हवेतच. पण नियमाने चुकीचा दरवाजा बंद होतो. योग्य दरवाजा उघडतोच असे नाही. शस्त्रक्रिया नाकारलेली स्त्री तेच दुखणे घेऊन घरी परतणार असेल, तर नियमाने तिचे काय साधले?

यातील विसंगती अशी, की गर्भाशय राखून हे दुखणे बरे करण्याच्या विद्येत मराठी मुलखाने जगाला मोलाची भर घातली आहे. गोव्याच्या शिरोडे गावाशी नाते असलेले आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात नावारूपास आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव गर्भपात टाळणाऱ्या ‘शिरोडकर टाक्या’मुळे जगभर पोचले. परंतु खाली उतरलेले गर्भाशय न काढता, पट्टीच्या आधाराने ते वर बांधून ठेवण्याची त्यांची शस्त्रक्रियाही तितकीच महत्त्वाची होती. मुंबईतीलच पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया याच हेतूने निघाली. या प्रयत्नांमागे एक साधे निरीक्षण होते. पाश्चात्त्य पुस्तकांत हा उतारवयाचा रोग मानला जाई. येथे तो मुले व्हावयाची असलेल्या तरुण स्त्रियांत दिसे. म्हणून येथील शल्यचिकित्सकांनी येथल्या स्त्रीसाठी निराळा विचार केला. ज्या भाषेच्या माणसांनी गर्भाशय वाचविण्याचे तंत्र शोधले, त्याच भाषेत ‘पिशवी काढणे’ हा शब्दप्रयोग आज घरोघरी झाला आहे. याला प्रगती म्हणावयाचे की विस्मरण?

आणि शस्त्रक्रियेची पाळी येण्यापूर्वी करण्यासारखे पुष्कळ आहे. १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम पद्धतशीरपणे मांडला. लघवी किंवा वारा अडविण्यासाठी जे स्नायू आत ओढले जातात तेच ओळखावयाचे, श्वास न कोंडता आणि पोट न ताणता ते आवळावयाचे, काही क्षण धरून ठेवावयाचे आणि सोडावयाचे. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, आणि हे किमान ३ महिने. चालू लघवी मध्येच थांबवून हा व्यायाम रोज करणे मात्र चुकीचे. त्याने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. जगभरच्या चाचण्यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला कोक्रेन संस्थेचा आढावा सांगतो, की खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम शिकविलेल्या सुमारे ५६ टक्के स्त्रियांनी त्रास गेल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. ज्याला ना औषध लागते, ना यंत्र, ना वीज, असा दुसरा कोणता उपचार इतका गुणकारी आहे? घाईची लघवी असेल, तर दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवून मूत्राशयाला वळण लावता येते. चहा कमी केल्यानेही काहींना आराम पडतो. त्याला निदान दीड महिन्याचा धीर लागतो. जळजळ असेल, ताप असेल, तर लघवीची तपासणी करून जंतुसंसर्गावर औषध दिले पाहिजे. लघवीतून रक्त गेले तर तर मुळीच वेळ दवडता कामा नये.

अंग बाहेर येण्याच्या आरंभीच्या अवस्थेत याच व्यायामाने त्रास कमी होतो. त्याहून पुढच्या अवस्थेत सिलिकोनची वा रबराची कडी आत बसविता येते. डॉक्टर तिला ‘पेसरी’ म्हणतात. योग्य मापाची कडी बसविली, ठरावीक महिन्यांनी ती काढून स्वच्छ केली आणि आतील त्वचा तपासली, तर कित्येक स्त्रिया तिच्या आधारावर वर्षानुवर्षे कामधाम करू शकतात. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे तिची किंमत नगण्य आहे. कदाचित त्यामुळेच तिचा प्रचार करण्यात कोणाला रस नसावा! यापुढे शस्त्रक्रिया, पण तीही तपासणीनंतर, झोळीची दुरुस्ती करणारी, आणि शक्य तेथे गर्भाशय राखणारी. नवे ते सारे चांगले असेही नव्हे. अंग बाहेर येऊ नये म्हणून योनिमार्गातून बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीने अनेक स्त्रियांना कायमच्या वेदना दिल्या, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये तिची विक्री थांबविली. महागडा उपचार म्हणजे उत्तम उपचार, या समजुतीला याहून मोठा धडा कोणता?

मग हा स्वस्त आणि सोपा उपचार उमरग्याच्या किंवा परंड्याच्या स्त्रीपर्यंत का पोचत नाही? याचा सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. दिवसाला शंभर रुग्ण पाहणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एका स्त्रीला अर्धा तास व्यायाम शिकविण्यास सवड नसते. आरोग्य विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून केलेल्या उपचारांचे पैसे देतात. व्यायाम शिकविण्याचे पैसे कोणी देत नाही. शिवाय पुष्कळ वेळा स्त्री स्वतःच ‘एकदाची काढून टाका’ म्हणून आग्रह धरते. तीन महिने व्यायाम करण्याइतकी उसंत तिला नाही, आणि हंगाम सुरू होण्याआधी तिला मोकळे व्हावयाचे असते. तिचा हा हिशेब तिच्या परिस्थितीत चुकीचा म्हणता येत नाही. तिच्यासमोर दुसरा पर्याय कोणी ठेवलेलाच नसतो, ही खरी चूक आहे.

तो पर्याय ठेवणे जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. बाळंतिणीच्या घरी ‘आशा’ कार्यकर्तीने सव्वा-दीड महिन्यात ठरावीक दिवशी निदान सहा भेटी द्याव्यात, अशी व्यवस्था आजही आहे. बाळाचे वजन आणि आईचा ताप पाहण्यासाठी ती जातेच. त्याच भेटीत तिने ‘लघवी निसटते का? काही खाली उतरल्यासारखे वाटते का?’ हे दोन प्रश्न विचारावेत आणि तो व्यायाम शिकवावा, यासाठी नवे पद नको, नवी इमारत नको. थोडे प्रशिक्षण आणि नोंदवहीत एक रकाना पुरे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने अशा स्त्रियांची यादी ठेवावी. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातील एक ठरलेला दिवस, बाजाराच्या दिवसाला धरून, केवळ या दुखण्यासाठी असावा; तेथे स्त्री डॉक्टर वा प्रशिक्षित परिचारिका, फिजिओथेरपीची सोय आणि निरनिराळ्या मापांच्या कड्या असाव्यात. धाराशिवचे स्त्री रुग्णालय आणि तेथे सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी या कामाचे प्रशिक्षण हाती घ्यावे. जिल्ह्याच्या स्त्रियांचे सर्वांत सार्वत्रिक दुखणे तेथील विद्यार्थ्यांना शिकविले जाणार नसेल, तर महाविद्यालय जिल्ह्यात असल्याचा जिल्ह्याला काय उपयोग?

असे होत नसते, असे म्हणणाऱ्यांनी फार दूर पाहण्याची गरज नाही. भूमच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या कामात निरक्षर स्त्रियांनी गावाचे आरोग्य सांभाळून दाखविले. याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे, डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. जी गोष्ट पुरुष डॉक्टरपुढे ओठांवर येत नाही, ती गावातल्याच एका बाईजवळ सहज बोलली जाते, हा या कामांचा अनुभव आहे. शासनाला शोध लावावयाचा नाही. शेजारी जाऊन पाहावयाचे आहे.

हा प्रश्न फडावरच्या आणि रानातल्या स्त्रीचाच आहे, असे समजून शिकलेल्यांनी निश्चिंत राहू नये. शाळेत धड स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणारी शिक्षिका, कचेरीतील एकमेव कुलूपबंद शौचकूपाची किल्ली साहेबांच्या शिपायाकडे मागण्यास लाजणारी लिपिक, एसटीच्या स्थानकावरील घाण पाहून तशीच पुढच्या गाडीत बसणारी विद्यार्थिनी, या साऱ्या एकाच दुखण्याच्या वाटेवर आहेत. लघवी सतत कोंडून ठेवल्याने आणि पाणी न प्यायल्याने जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळते. स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृहे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग होय, अशी भूमिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातील महापालिकांना ती बांधण्याचे आदेश दिले. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर हा निर्णय झाला. मात्र धाराशिव जिल्ह्यात महापालिकाच नाही. म्हणून येथील स्त्रीची गरज वेगळी आहे, असे तर कोणी म्हणणार नाही? नगरपालिकांनी, पंचायतींनी आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी न्यायालयाच्या दुसऱ्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी हा वर्ग गावाला शब्द पुरवितो. पाळीविषयी काही दशकांपूर्वी शाळेत बोलता येत नव्हते. आज निदान काही शाळांत तरी बोलता येते, ते कोणीतरी प्रथम बोलले म्हणून. ओटीपोटाच्या या दुखण्याविषयीही आता तसेच बोलावे लागेल. घरात आई वरचेवर उठते, आजी कार्याला जायचे टाळते, वहिनी पाण्याचा हंडा घेताना क्षणभर थांबते, याचा अर्थ घरातील शिकलेल्या मुलाला आणि मुलीला कळला पाहिजे. आणि ‘पिशवी काढा’ असा सल्ला मिळाला तर ‘का? तपासणी काय सांगते? दुसरा उपाय कोणता?’ हे तीन प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्या अंगी आले पाहिजे. सोशिकपणाचे कौतुक आपल्या समाजाने पुष्कळ केले. ज्या दुखण्याला उपचार आहे ते सोसावयास लावणे, हा स्त्रीचा गौरव नव्हे. तो तिच्यावरील अन्याय आहे, आणि तो दूर करण्यास लागणारा खर्च पाहता, न शोभणारा अन्याय आहे.